गावाचं दप्तर : वारसा जतन करण्याची एक कृती

वडखळहून नागोठण्याकडे निघालं की मुंबई-गोवा महामार्गावर गडब लागतं. तालुका पेण, जिल्हा रायगड. पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाची खारजमीन, पूर्वेला डोंगर, जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. अशा गावाचा वारसा किल्ल्यात किंवा लेण्यात शोधायचा नसतो. तो लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणीच्या गळ्यात असतो, खारबांध घालणाऱ्याच्या हातात असतो आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतो. तिन्ही जागा नाशवंत आहेत, पण सगळ्यांचा नाश एका वेगाने होत नाही. म्हणून कामाला क्रम लागतो.

गडबसारख्या आगरी गावात चार-पाच जणांना एका हंगामात करता येईल अशी ही कृती आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या इतर गावांनाही ती थोड्या फरकाने लागू पडेल. तिचं सूत्र एकच : ज्या वस्तूबरोबर नाव, गाव, तारीख आणि प्रसंग लिहिलेला नाही, ती नुसती साठवलेली असते, जतन झालेली नसते.

याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम उभं करून हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ हे ग्रामीण पत्रकारितेचं संकेतस्थळ २०१७पासून त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे. त्या संग्रहाचं मोल संख्येत आहेच. पण ओवी कुणी गायली आणि ती बाई कुठल्या गावची, हे ओवीला बांधलेलं आहे. त्यामुळेच इतक्या वर्षांनी त्याच गावात जाऊन गाणारीला, ती नसेल तर तिच्या लेकीला, शोधता येतं.

साहित्य

- दोन मोबाइल : एक ध्वनिमुद्रणासाठी, एक फोटोसाठी
- तारेचा कॉलर माइक
- जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, रेघांची वही (सुट्या पानांची फाइल नको)
- शिसपेन्सिली, खोडरबर, ३० सेंटिमीटरची पट्टी
- मऊ, कोरडा रंगाचा ब्रश
- धुऊन वाळवलेलं, न रंगवलेलं मांजरपाट कापड आणि सुती नाडी
- सिलिका जेलच्या पुड्या
- १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या
- पॉवर बँक

सेलोटेप, स्टेपलर, डिंक, रबर बँड आणि लॅमिनेशन यांना या कामात जागा नाही. टेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, स्टेपलरच्या पिना कोकणच्या हवेत गंजतात, रबर वितळून चिकटतं. लॅमिनेशन एकदा केलं की कागद न फाडता ते काढता येत नाही.

केव्हा करावं

भातकापणी-झोडणी आटोपल्यावर, म्हणजे डिसेंबरनंतर, माणसं घरी सापडतात. जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा येतात, पोपट्या लागतात (शेंगा मडक्यात भाजल्या जातात), रात्री माणसं एकत्र बसतात. गोष्टी ऐकायला तो काळ चांगला. फेब्रुवारी ते मे लग्नसराई आणि बांधबंदिस्ती. कागदाच्या पेट्या उघडायच्या त्या याच कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात पेटी उघडली तर दमट हवा आत जाते आणि महिन्याभरात बुरशी धरते. जून ते सप्टेंबर घरात बसून ऐकायचं आणि लिहून काढायचं काम करावं.

पायरी १ : गावाला विचारा

सुरुवात ग्रामसभेत किंवा देवळात, चार माणसांसमोर करावी. तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : मूळ वस्तू कुणाच्याही घरातून जाणार नाही, प्रत गावातच राहील, यातून कुणी पैसे करणार नाही. ‘कागद’ म्हटलं की इथे जमीन आठवते. सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी पेण तालुक्यातल्या गावांनी २००८ साली जमिनीच्या प्रश्नावर मतदान केलेलं आहे. कागद मागायला येणाऱ्याकडे लोक संशयाने पाहणारच, आणि ते योग्यच आहे. म्हणून सातबारा, खरेदीखत, वाटणीपत्र हे पहिल्या फेरीत मागूच नका.

पथकात दोन तरी बाया हव्यात. धवला, ओव्या, बाळंतपणाची गाणी, डाळ-मसाल्याची मापं यांबद्दल बाया बायांशीच मोकळ्या बोलतात.

गाव म्हणजे कोण, हेही इथेच ठरवा. पंचांच्या आणि मोठ्या घरांच्या पेट्यांतच कागद सापडतात; बौद्धवाडीतल्या, कोळ्यांच्या किंवा डोंगराकडच्या कातकरी-ठाकूर वाडीवरच्या घरांत ते क्वचित असतात. फक्त कागद गोळा केले तर गावाचा इतिहास दहा घरांचा होईल. जिथे कागद नाही तिथे आवाज जास्त घ्यायचा.

पायरी २ : आधी काय जाणार, याची यादी

वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा : माणूस, कागद, वस्तू. प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे गेलं तर दुसरं आहे का? आणि किती दिवस टिकेल?

पंचाऐंशी वर्षांची धवलारीण, जिच्याकडून पुढे कुणी शिकलेलं नाही : पहिला क्रमांक. खारबांधातल्या उघाडीची लाकडी झडप बसवणारा शेवटचा सुतार : दुसरा. भिजलेली, वाळवी लागलेली वही : तिसरा. देवळातली पितळी समई किंवा दारातलं जातं : शेवटी. जड वस्तू दहा वर्षं थांबतील. पुष्कळ ठिकाणी हौशी मंडळी नेमकी उलट चालतात. आधी नांगर, कणगी, पाटा-वरवंटा गोळा करून खोली भरतात आणि आजीकडे जायचं राहून जातं.

पायरी ३ : आवाज

*यंत्र.* मोबाइलमध्ये वेव्ह स्वरूपात ध्वनिमुद्रण करणारं अॅप घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी मांडणी ठेवा. तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, ती आधी रिकामी करा. एमपी३ मूळ प्रत म्हणून चालत नाही. त्यात आवाजाचा काही भाग कायमचा काढून टाकलेला असतो. मुद्रण व्हॉट्सॅपवरून पाठवू नका, तारेने संगणकावर घ्या. फोन विमान मोडवर टाका.

*जागा.* पंखा बंद. कुकर, टीव्ही बंद. महामार्गाकडच्या खोलीऐवजी मागची पडवी किंवा आतली खोली बरी. भिंतींवरून आवाज घुमत असेल तर दोरीवर दोन गोधड्या टाका. माइक तोंडापासून वीतभर खाली, पदराला घासणार नाही असा.

*पहिलं वाक्य.* गाणं सुरू होण्याआधी तुमच्याच आवाजात बोला : आजची तारीख, गाव, वाडी, गाणाऱ्या बाईचं नाव, माहेर, वय, सोबत कोण बसलंय, मुद्रण कोण करतंय. वही हरवली तरी ही माहिती आवाजातच राहते. माहेर विचारणं फार महत्त्वाचं. बाई गडबला नांदत असली तरी गाणं तिने रोह्याकडच्या किंवा अलिबागच्या माहेरी शिकलेलं असू शकतं.

*परवानगीही आवाजात घ्या.* “आजी, हे आम्ही जपून ठेवणार. कुणी कुणी ऐकलं तर चालंल?” उत्तराप्रमाणे तीनपैकी एक खूण करा : सर्वांसाठी, फक्त गावासाठी, बंद. लोकगीताचा मालक कुणी एक नसतो. पण भारतीय कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे. तेव्हा आजीचा आवाज कुणी आल्बमात वापरायचा म्हटला तर तिला किंवा तिच्या घरच्यांना विचारावंच लागेल. हे तिला आधी सांगा.

*धवला दोनदा घ्या.* आगरी लग्नात धवलारीण विधींबरोबर धवले गाते. विधी पुढे सरकतो तो तिच्या गाण्यावर. म्हणून एकदा प्रत्यक्ष लग्नात मुद्रण करा. तिथे बेंजो, ढोल, पाहुण्यांचा गलका असेल, शब्द नीट कळणार नाहीत, पण कोणत्या विधीला कोणता धवला आणि त्यांचा क्रम काय हे तिथेच कळतं. दुसऱ्यांदा घरी, निवांत. तिथे शब्द स्वच्छ मिळतात. दोन्ही नोंदींना एकमेकींचा क्रमांक द्या. एखादी बाई म्हणाली की लग्नाशिवाय धवला गाणार नाही, तर आग्रह करू नका. तसं म्हणाली हीसुद्धा लिहून ठेवायची गोष्ट आहे.

*प्रश्न.* “जुन्या काळाबद्दल सांगा” असं म्हटलं की भाषण मिळतं. ठोस विचारा :

- तुमच्या लग्नात धवला कुणी गायला? तिला काय दिलं?
- तुम्ही तिच्या मागे बसून गायला कधी लागलात?
- कोणता धवला आता कुणी म्हणत नाही? का?
- हळदीला पूर्वी काय शिजायचं? तांदूळ कुठला?

साल आठवत नसेल तर खुणेची घटना द्या. जांभूळपाड्याचा पूर जुलै १९८९चा. २६ जुलैचा पाऊस २००५चा. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७चा. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ साली. “पुराच्या आधी की नंतर? तेव्हा थोरला केवढा होता?” एवढ्यावर दोन-तीन वर्षांच्या अंतराने साल ठरतं.

एका बैठकीला तासाहून जास्त वेळ घेऊ नका. आठवड्याने परत जा. पहिल्या दिवशी घरची मंडळी मध्ये बोलतात आणि आजी गप्प होते. दुसऱ्या खेपेला तीच बोलते.

पायरी ४ : बोली जशी आहे तशी लिहा

ऐकून उतरवताना आगरीचं प्रमाण मराठी करू नका. बाई ‘पानी’ म्हणाली तर ‘पाणी’ लिहायचं नाही. ‘डोला’, ‘घोरा’, ‘परला’ असेल तसंच राहू द्या. शेजारच्या रकान्यात हवं तर प्रमाण रूप द्या. कळलं नाही तिथे अंदाज न बांधता कंसात प्रश्नचिन्ह आणि मुद्रणातला मिनिट-सेकंद लिहा. तो तुकडा त्याच बाईला किंवा तिच्या वयाच्या दुसरीला परत ऐकवा.

या कामाला वेळ लागतो. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा, गाण्याला त्याहून जास्त. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर कचरा होतो.

तुलनेला जुना नमुना हवा असेल तर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) पाहा. त्यात कुलाब्याकडच्या (आताच्या रायगडच्या) आगरी बोलीची नोंद आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. तिथली प्रश्नावली चाळली तरी काय विचारावं हे सुचतं.

पायरी ५ : हातातली विद्या

पेण तालुक्याची खारजमीन उभी आहे ती बांधावर. खाडीचं पाणी अडवणारा बाहेरचा बांध, पावसाचं पाणी जायला उघाडी, आणि उधाणाला बांध फुटला की पडणारी खांड. उघाडीची झडप भरतीच्या पाण्याने बाहेरून दाबली जाऊन बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. साधं वाटतं, पण झडप केवढी, लाकूड कोणतं, ती कुठे बसवायची, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठरत आलं आहे. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरात (खंड ११) शिलोत्री (खारबांध घालून मिळवलेल्या) जमिनींची हकिकत आहे. बाहेरचे बांध राखायची जबाबदारी शिलोत्रदारांवर असे. पुढे १९४८ आणि १९७९ साली खारजमिनींचे कायदे झाले. हा झाला छापलेला भाग. चिखलाचा थर कसा बसवायचा हे कुठे छापलेलं नाही.

ते घरात बसून विचारू नका. माणसाला घेऊन बांधावर जा, चालता चालता बोलू द्या.

१. आधी लांबून चित्रण : बांध, खाडी, शेत एका चौकटीत. मग मधलं. मग फक्त हात आणि फावडं. प्रत्येक चित्रण दोन मिनिटांपेक्षा लांब नको.

२. विचारा : माती कुठून घ्यायची, कुठून घ्यायची नाही? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा अंदाज कसा? खांड पडली तर पहिल्या ओहोटीला काय करायचं? हाकेला घरटी किती माणूस यायचं, न येणाऱ्याला काय?

३. शब्द पकडा. बांधाच्या भागांना, चिखलाच्या जातींना, भरतीच्या अवस्थांना जी नावं आहेत ती वेगळ्या पानावर, त्या-त्या गोष्टीच्या फोटोसह लिहा. खाऱ्या जमिनीत येणाऱ्या रता भाताच्या जाती, पाग (फेकायचं जाळं) टाकायची पद्धत, तळ्यातला जिताडा मासा वाढवायची रीत यांनाही हाच नियम.

४. नकाशा करा. पेणच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या, मोठी करा, आणि जाणत्यांना समोर बसवून शेतांची, खारींची, बांधांची, वाटांची नावं पेन्सिलीने भरून घ्या. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानाच आहे, तो पुष्कळदा रिकामा असतो. जमीन विकली गेली, भराव झाला की हे नाव सगळ्यांत आधी जातं. गट क्रमांक मात्र राहतो.

पायरी ६ : कागद

काय शोधायचं? लोक म्हणतील, “आमच्याकडं काय नाय.” तुम्ही नावं घेऊन विचारा : लग्नाच्या आहेराची वही, देवळाच्या वर्गणीचा जमाखर्च, भजनी मंडळाची वही, उत्सवाची पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, मुंबईहून आलेली पत्रं, शाळेचे दाखले, सोसायटीची पासबुकं. आहेराची वही क्षुल्लक वाटते. पण त्यात कोणत्या गावाशी सोयरीक होती, काय दिलं-घेतलं जायचं आणि कोण कुणाच्या लग्नाला यायचं हे तारखेनिशी सापडतं.

*हाताळणी.* हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ कापड. ब्रशने धूळ एकाच दिशेने झाडा. गंजलेली टाचणी ओढू नका. दोन्ही बाजूंनी सैल करून काढा. घड्या जबरदस्तीने उघडू नका. पानं मूळ क्रमात जशी सापडली तशीच ठेवा. तारखेप्रमाणे लावायचा मोह आवरा. कुठला कागद कशाच्या आत होता, हीसुद्धा माहिती आहे.

*प्रत.* स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, रंगीत, टिफ स्वरूपात. ए४ आकाराच्या एका पानाला सुमारे २६ एमबी लागतात. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो घ्या. चौकटीत पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. कोरी वाटणारी मागची बाजूही घ्या. बांधणी घट्ट असलेली वही उलटी दाबून स्कॅनरवर ठेवू नका, शिवण तुटते.

*तारीख नसेल तर* कागदच सांगतो :

- ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलं असेल तर कागद बहुधा १९८१च्या आधीचा. त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मात्र जुने छापील फॉर्म पुढेही वापरले जात, हे लक्षात ठेवा.
- हिशेब आणे-पैत असेल तर बहुधा एप्रिल १९५७च्या आधीचा.
- पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२नंतरचा.
- शके दिलं असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखेला बहुधा ७९.
- मोडी असेल तर साधारणपणे १९५०च्या आधीचा. वाचता येत नाही म्हणून टाकू नका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं. गावातल्या एकाला पाठवा.

*भिजलेला कागद* उन्हात ठेवू नका, सावलीत वारा लागेल असा पसरा, पानांमध्ये कोरा शोषक कागद घाला आणि तो बदलत राहा. दोन दिवसांत वाळणार नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतो. बुरशी आलेली वही इतरांपासून वेगळी करा, तोंडाला फडकं बांधा, घराबाहेर ब्रशने झाडा.

*ठेवणं.* मांजरपाटात गुंडाळा, सुती नाडी बांधा. पोथ्यांना लाल कापड गुंडाळायची रीत आहे, पण कच्चा लाल रंग दमट हवेत कागदावर उतरतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, कागदाला लागून नको. डांबराच्या गोळ्या नकोत. कपाट लोखंडी, बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, आणि २००५ला घरात जिथवर पाणी आलं त्या खुणेच्या वर.

पायरी ७ : फोटो

जुन्या फोटोवर शाईने लिहू नका. मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने फक्त क्रमांक. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका; काचेसकट तिरप्या उजेडात फोटो घ्या. छोट्या फोटोला ६०० डीपीआय ठेवा.

मग प्रत घेऊन दोन-तीन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा आणि विचारा कोण कोण आहे. डावीकडून उजवीकडे, मागची ओळ आधी. बायांची नावं माहेरच्या नावासकट. ‘अमक्याची बायको’ हे नाव म्हणून चालणार नाही. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहा आणि कोण काय म्हणालं तेही.

पायरी ८ : नोंद

ही या कामातली मुख्य पायरी. त्याच दिवशी, झोपायच्या आधी, वहीत दहा रकाने भरा :

१. क्रमांक (पुन्हा कधीही न वापरायचा)
२. काय आहे
३. कुणाकडून मिळालं, त्यांचं गाव-वाडी
४. मूळ कुणी केलं/गायलं/लिहिलं
५. मूळ तारीख किंवा अंदाज, आणि अंदाज कशावरून
६. नोंदीची तारीख, नोंदवणारा
७. प्रसंग : कधी वापरतात, कोण करतं
८. बोली/लिपी
९. परवानगीची खूण
१०. मूळ वस्तू कुठे आहे, फाइल कुठे आहे

जगभरच्या ग्रंथालयांत ‘डब्लिन कोअर’ नावाची पंधरा रकान्यांची पद्धत चालते. वरचे दहा त्यात सहज बसतात, म्हणून पुढे एखाद्या मोठ्या संस्थेला नोंदी द्यायच्या झाल्या तर अडचण येत नाही.

फाइलचं नाव : वर्ष-महिना-दिवस, मग विषय, मग क्रमांक. ‘नवीन मुद्रण ७’ किंवा ‘आजी फायनल’ अशी नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. वहीतली नोंद संगणकावरच्या तक्त्यातही भरा, पण वही फेकू नका. वीज गेली, डिस्क गेली तरी पेन्सिलीने लिहिलेली वही वाचता येते.

पायरी ९ : प्रती आणि कुलपं

तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत गावाबाहेर. एक डिस्क शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, दुसरी मुंबई-पनवेलला राहणाऱ्या गावकऱ्याकडे, तिसरी प्रत ऑनलाइन साठ्यात. वर्षातून एकदा तिन्ही उघडून काही फाइली वाजवून पाहा. पाच वर्षांनी डिस्क बदला.

‘बंद’ खुणेच्या गोष्टी खरोखर बंद ठेवा. गावकीच्या जुन्या वह्यांत दंड, भांडणं, कुणाला वाळीत टाकल्याच्या नोंदी सापडतील. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा कायदा आहे, आणि ज्यांच्या आजोबांवर हे गुदरलं त्यांची नातवंडं गावातच राहतात. वही नष्ट करू नका. प्रत करा, नोंद ठेवा, पण त्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नका. अंगात देव येण्याची, आजारपणाची, घरगुती वादाची मुद्रणं यांनाही तेच.

पायरी १० : गावाला परत

ज्या घरातून घेतलं त्या घराला पहिली प्रत : गाण्याची फाइल आजीच्या नातवाच्या फोनवर, फोटोची छापील प्रत आजीच्या हातात. मग शाळेत. मुलांना धवल्यातले न कळणारे शब्द देऊन घरी विचारून यायला सांगा. नोंदीतली निम्मी प्रश्नचिन्हं तिथेच सुटतात. मग सप्ताहाला किंवा जत्रेला, नावं न कळलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती दोरीवर लावा, शेजारी पेन्सिल बांधा.

गावातल्या नोंदी बाहेरच्या कागदांशीही जुळवून घ्या. चरी-कोपरचा १९३३ ते १९३९ हा शेतकऱ्यांचा संप शेजारच्या अलिबाग तालुक्यातला. नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्याच्या आठवणी पेणकडच्या म्हाताऱ्यांनी आपल्या बापांकडून ऐकल्या असतील, तर त्या ‘ऐकीव’ अशा खुणेसह नोंदवा आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातले कागद पाहा. १९६४चं सुधारित कुलाबा गॅझेटियर हाताशी ठेवा. छापलेलं आणि सांगितलेलं यांत फरक पडला तर दोन्ही ठेवा. निकाल द्यायचं काम तुमचं नाही.

अडलं तर

*आजी गातच नाही.* तिच्या जोडीदारणीला बोलवा. धवला एकटीने म्हणायचा प्रकारच नाही, मागे ओढणारी लागते.

*सगळे म्हणतात, “त्यांनाच विचारा.”* त्यांना विचारा, आणि नंतर त्यांच्या घरातल्या बाईला वेगळं विचारा.

*मुद्रण खराब झालं.* पुसू नका. दुसरं घ्या, दोन्ही ठेवा.

*घरचे मूळ वही देऊन टाकतात.* घेऊ नका. प्रत करून, मांजरपाटात गुंडाळून, कशी ठेवायची ते सांगून परत द्या. घर पडणार असेल किंवा कुणी उरलंच नसेल तेव्हाच, लेखी पावती देऊन, शाळेच्या कपाटात ठेवा.

*उत्साह ओसरला.* नवं गोळा करणं थांबवा आणि आधीच्या नोंदी पुऱ्या करा. पन्नास पूर्ण नोंदी पाचशे बिननावाच्या फाइलींपेक्षा गावाच्या जास्त कामाच्या.

हंगामाच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, वहीची झेरॉक्स काढून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्या, पोच घ्या, आणि पुढच्या वर्षी वही कुणाकडे राहील त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.